ती पोरगी गावली का रं?

"ताई, नमस्कार.

माझा प्रश्न तुमच्या सदरात बसेल की नाही माहीत नाही. मी ३१ वर्षांचा आहे. गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) प्रोग्रॅमिंग आणि सेटिंग बघतो. कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं राहतो. घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी.

२०१६ ला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, मी 'द विचर ३: वाइल्ड हंट' हा कॉम्प्युटर गेम खेळलो. तेव्हा शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरी माडीवर एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता. १४० तास खेळलो. मॅपवरची सगळी प्रश्नचिन्हं, म्हणजे न बघितलेल्या जागांच्या खुणा, साफ केली, स्केलिगे बेटांच्या समुद्रातलीसुद्धा. आज्जी मागं खाटेवर लसूण सोलत बसायची. 'मी हितंच बसतो, तू खेळ,' म्हणायची. तिला इंग्रजी कळायचं नाही, म्हणून कोण काय बोललं ते मी सांगत जायचो. गेममधल्या बॅरन या सरदाराच्या त्या बाळाच्या वेळी ती उठून खाली गेली आणि देवापाशी दिवा लावून आली. रोज सकाळी चहाच्या वेळी विचारायची, 'ती पोरगी गावली का रं?' माझ्या गेमचा शेवट वाईट लागला, पण आज्जीला मी 'गावली, घरी आली' असंच सांगितलं. २०२१ ला आज्जी गेली. असो.

गेल्या दिवाळीत बोनसमध्ये भर घालून चांगला पीसी घेतला, खास या गेमसाठी. तेव्हापासून चार वेळा सुरू केला आणि चारही वेळा व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच गावात सोडून दिला. साठाच्या वर मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल, टाकून बघितले. तलवार सोडून साइन्सचा, म्हणजे गेराल्टच्या मंत्रांवर लढायचा, बिल्ड करून बघितला. डेथ मार्च ही सगळ्यात अवघड लेव्हल लावली. डायलॉग सुरू झाला की बोट आपोआप स्किपवर जातं. दुसरे नवे गेम आणले, त्यांचाही दोन तासांत कंटाळा येतो. बायको म्हणते, 'आता वय झालं, सोडा की.' मला सोडायचा नाही. माझा सगळ्यात आवडता गेम आहे तो. उत्साह परत कसा आणू?

– एक वाचक, राजारामपुरी"

तू मला ताई म्हणालास, तेव्हा मीही अरे-तुरेच करते. आणि प्रश्न सदरात बसतो. एखादी गोष्ट जिवापाड आवडायची आणि आता ती हातात धरवत नाही, हे दुःख गाण्याचं असो, कुस्तीचं असो नाहीतर गेमचं, मला सारखंच वाटतं.

बाकीच्या वाचकांसाठी दोन वाक्यं. हा गेम पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं १९ मे २०१५ ला आणला. त्यातला गेराल्ट हा 'विचर', म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा भटका. सिरी ही त्यानं लेकीसारखी वाढवलेली मुलगी. ती बेपत्ता आहे, 'वाइल्ड हंट' नावाची भुतासारखी फौज तिच्या मागावर आहे, आणि गेराल्ट तिला शोधत गावोगाव हिंडतो. ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी इथंच थांबावं, कारण पुढं मी शेवटासकट सगळं सांगणार आहे.

आता तुला आधी नकोसं वाटेल ते सांगते. २०१६ मधला तो उत्साह जसाच्या तसा परत येणार नाही. ग्रिफिन हा पंखवाला राक्षस कुठून झेप घेणार, बॅरनच्या घरात काय घडलं होतं, सिरी कुठं लपली आहे, यातलं तुला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. आता सगळं ठाऊक आहे. चारही वेळा तू गेम सुरू करून ते 'ठाऊक नसणं' शोधत बसलास, ते पहिल्या गावात सापडलं नाही, म्हणून उठलास. त्यात तुझं वय आडवं आलेलं नाही.

याच वाटेनं मी स्वतः गेलेय. 'स्कायरिम' हा दुसरा गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला, मी पुढच्या वर्षी घेतला आणि वेडी झाले. पहिल्यांदा खेळून संपवला तेव्हा घरातलं माणूस गावाला गेल्यासारखं रिकामं वाटलं. मग दुसऱ्यांदा ठरवलं की जादूगार व्हायचं, तिसऱ्यांदा दोन हातांची कुऱ्हाड घ्यायची, चौथ्यांदा नुसती ढाल. असा सात वेळा सुरू केला. आणि सातही वेळा दहाव्या तासापर्यंत मी कुठल्यातरी गुहेत अंधारात वाकून बसलेली असायचे, हातात धनुष्य. हा गेम खेळलेल्या कुणालाही विचार, बहुतेकांचं हेच झालेलं असतं. हाताला लागलेलं वळण हात सोडत नाही. बिल्ड बदलून तुझं काही बदललं नाही याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

आठव्या वेळी मी एकच नियम केला. फास्ट ट्रॅव्हल बंद. मॅपवर टिचकी मारून गावात पोचायचं नाही. शहराबाहेर तबेल्यापाशी गाडीवाला असतो, त्याला पैसे द्यायचे, नाहीतर पायी जायचं. पहिले दोन दिवस जाम वैतागले. मग एका रात्री रस्त्यानं चालताना मागून टापांचा आवाज आला. वळून बघते तर घोडा अंगावर आलेला, अर्धवट पारदर्शक, वर स्वार, आणि स्वाराला मुंडकं नाही. मी धनुष्य काढलं. त्यानं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, सरळ पुढं निघून गेला. मी त्याच्यामागं धावत सुटले, दम लागेपर्यंत, थांबत, परत धावत, 'हॅमविर्स रेस्ट' नावाच्या एका जुन्या स्मशानापर्यंत. तो स्वार गेममध्ये पहिल्या दिवसापासून होता. दोनशे तास खेळूनही मला तो भेटला नव्हता, कारण मी रस्त्यावर कधी नव्हतेच. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

आता तुझ्या पत्राकडं येते. तू लिहिलंस की सगळी प्रश्नचिन्हं साफ केली, समुद्रातलीसुद्धा. मी ती केलेली आहेत. होडी काढायची, पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांपाशी जायचं, वरून सायरनी, म्हणजे पंखवाल्या जलपऱ्या, झडप घालत असताना बुडी घ्यायची, चोरट्या मालाची पेटी उघडायची, आत विकायच्याच लायकीचं सामान. मग पुढचं प्रश्नचिन्ह. असली डझनांनी. ते करताना तू गोष्ट खेळत नव्हतास, यादीवर खुणा करत होतास. १४० तासांतले किती तास असे गेले ते तुझं तुला माहीत. पण बोटांना सवय लागली ती तिथं. आज व्हाइट ऑर्चर्डमध्ये माणूस बोलायला लागला की बोट स्किपवर जातं, कारण बोटाच्या लेखी तो माणूसही एक प्रश्नचिन्हच आहे, उरकून टाकायचं.

आणि मॉड. मी मॉडच्या विरोधात नाही, काही फार मायेनं केलेले आहेत. पण तू काय करतोस बघ. दिवसभर मशीनवर सेटिंग करतोस, ऑफसेट घेतोस, पहिला जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, काढून मापं बघतोस, पुन्हा सेटिंग करतोस. घरी येतोस आणि गेमचं सेटिंग करतोस. हा मॉड त्या मॉडशी भांडतो, मग क्रम बदल, मग गवत दाट कर, मग गेम बंद पडला, मग परत पहिल्यापासून. रविवार संपला, जॉब लागलाच नाही. साठच्या साठ काढून टाक. १४ डिसेंबर २०२२ ला कंपनीनं गेमला मोठं अपडेट दिलं, जुना गेम असलेल्यांना फुकट. त्यात चित्र पुष्कळ सुधारलं आहे, तुझ्या नव्या पीसीला तेवढं भरपूर. त्याच अपडेटमध्ये मॅपचा एक फिल्टर आला, जो प्रश्नचिन्हं आणि होड्यांच्या खुणा झाकून ठेवतो. तो चालूच राहू दे. हात शिवशिवतील, तरी हलवू नकोस. कोपऱ्यातला छोटा नकाशा, मिनिमॅपही बंद करून बघ, मग रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचाव्या लागतात.

लेव्हलचं थोडक्यात सांगते, त्यात फार अर्थ नाही. डेथ मार्चवर ध्यानाला बसून जखमा भरत नाहीत, दर दोन कुत्र्यांमागं भाकरी शोधत हिंडावं लागतं. शिफ्ट करून आलेल्या माणसानं तो हट्ट कशाला धरायचा? खाली आण.

आता व्हाइट ऑर्चर्ड. चार वेळा तू त्या गावातून पळालास, आणि मी तुला तिथंच परत पाठवणार आहे. तिथं एक म्हातारी आहे. एका बंद झोपडीबाहेर उभी असते आणि गेराल्टला म्हणते, माझा तवा आणून दे बाबा. त्या झोपडीत राहणाऱ्यानं तिच्याकडून तवा नेला आणि परत दिला नाही. एवढंच काम. राक्षस नाही, खजिना नाही. दार फोडून आत गेलं की एक प्रेत, जळालेले कागद, आणि कोपऱ्यात तवा, घासून लख्ख. गेराल्ट विचार करतो की एवढा घासलेला का? तर तव्याची काजळी खरवडून कुणीतरी त्याची शाई केली आहे. म्हणजे इथं बसून कुणीतरी चोरून काहीतरी लिहीत होतं. युद्ध, हेर, खून, सगळं त्या एका तव्यात आहे, आणि बाहेर म्हातारीला त्यातलं काहीही नको आहे, तिला तिचा तवा हवाय. पहिल्या वेळी तू हे काम केलं असशील, १४० तासवाल्यानं सोडलं नसणारच. पण म्हातारी काय बोलते ते तुला आठवतंय का? मला वाटतं नाही आठवत.

त्याच गावात वैदूच्या झोपडीत एक मुलगी मरणपंथाला लागलेली आहे, ग्रिफिननं फाडलेली. तिला विचरांचं औषध द्यायचं की नाही, हे तुला ठरवावं लागतं. ते औषध साध्या माणसाला झेपत नाही. दिलंस, तर पुढं वेलेन या परगण्यात, चढाई करून आलेल्या निलफगार्डच्या फौजेच्या छावणीत तिचा शिपाई भेटतो आणि सांगतो की ती जगली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. तो शिपाई पुष्कळांना भेटतच नाही, कारण छावणीत कुणी रेंगाळत नाही. आणि खुद्द तो ग्रिफिन. त्याच्या मादीला शिपायांनी मारलं, घरटं जाळलं, तेव्हापासून तो माणसांवर तुटून पडतोय. गावातला शिकारी तुला ते जळकं घरटं दाखवतो. पहिल्या वेळी तू 'ग्रिफिन कसा मारायचा' हे बघत होतास. या वेळी त्या घरट्यापाशी जरा उभा राहा. मारायचा तर त्याला आहेच, नाहीतर निलफगार्डचा कप्तान गेराल्टच्या प्रेयसीचा, येनेफरचा, ठावठिकाणा सांगणार नाही. पण मग तो मारताना हात तसाच चालत नाही.

बिल्ड ठरवू नकोस, माणूस ठरव. पहिल्या खेपेला आपण सगळेच स्वतःसारखे खेळतो, शक्य तेवढं चांगलं वागतो. या खेपेला गेराल्ट कसा आहे ते कागदावर दोन ओळींत लिही आणि मॉनिटरखाली ठेव. समजा, हा गेराल्ट गरिबाकडून पैसे घेत नाही, पण सरदारांशी घासाघीस केल्याशिवाय तलवार उपसत नाही. किंवा हा दिलेला शब्द मोडत नाही, कुणालाही दिलेला, राक्षसालासुद्धा. मग वेलेनमधल्या त्या झाडाखाली अडकलेल्या आत्म्यापाशी पोचशील तेव्हा बघ काय होतं. त्याला सोडवलं तर दलदलीतली पोरं वाचतात, पण बॅरनची बायको जाते आणि बॅरन झाडाला लटकतो. त्याला मारलं तर बॅरन बायकोला घेऊन दूर निघून जातो, आणि पोरं उरत नाहीत. पहिल्या वेळी तू जे केलंस त्याच्या नेमकं उलट कर असं मी सांगणार नाही. तुझा कागदावरचा माणूस काय करेल ते कर, आणि मग त्या गावातून घोड्यावरून जाताना जे वाटेल ते वाटू दे.

एवढं सगळं तुला इतर कुणीही सांगितलं असतं. मी पत्र परत परत वाचलं ते तू 'असो' लिहून जे पुसलंस त्यासाठी.

बॅरनच्या बाळाच्या वेळी आज्जी उठून दिवा लावायला गेली. तो प्रसंग ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. बॅरन दारू पिऊन बायकोला मारायचा, तिचं मूल पोटातच गेलं, आणि त्यानं ते नावबीव न ठेवता पुरलं. ते मूल भूत होऊन रात्री फिरतं. गेराल्ट म्हणतो, एक तर याला मारू, नाहीतर तू याला हातात उचलून घरापर्यंत ने, नाव दे आणि उंबऱ्याखाली पूर. मग ते घराची राखण करेल. आणि तो राक्षसासारखा दांडगा माणूस ते भेसूर पोर छातीशी धरून रात्रीचा चालतो. ते हातात वळवळायला लागलं की गेराल्ट आक्सी साइन करून त्याला शांत करतो. उंबऱ्यापाशी बॅरन त्याला लेक म्हणतो, 'डेआ' असं नाव देतो.

हे सगळं आपल्या पेठेतल्या बाईला समजवायला तुला किती शब्द लागले असतील? उंबरा म्हटल्यावर तिला पुढचं सांगावंच लागलं नसेल. मी कल्पना करते, की तू खुर्ची अर्धी मागं वळवलेली, एका हातात माउस, आणि बॅरनचं इंग्रजी शिवाजी पेठेच्या बोलीत सांगतोयस. 'आज्जी, तो म्हणतोय, माझं चुकलं.' हा गेम मराठीत काय, हिंदीतही नाही. तुमच्या माडीवर तो मराठीत होता, कारण तू तो करत होतास. डायलॉग स्किप कसा करणार होतास तेव्हा? मागं माणूस खोळंबलेलं. प्रत्येक वाक्य ऐकावं लागायचं, पोटात घ्यावं लागायचं आणि फिरवून सांगावं लागायचं. तुझे ते १४० तास तू नुसते खेळला नाहीस, त्यातले निम्मेअधिक तू सांगत होतास. आता मागची खाट रिकामी आहे, सांगायला कुणी नाही, आणि बोट स्किपवर जातं.

गोष्ट आधीच माहीत असणं ही अडचण असती तर आपल्याकडं पोवाडे केव्हाच बंद पडले असते. बाजीप्रभू पडणार हे शाहिराच्या पहिल्या डफाआधीच सगळ्यांना माहीत असतं. १६६० सालापासून माहीत आहे. तरी खिंडीचं कडवं आलं की समोरची माणसं सावरून बसतात, आणि शाहीर ते शंभराव्यांदा म्हणत असला तरी त्याच्या मानेची शीर ताणलेली असते. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्यांत मी सहा वेळा होते. तीच मसाई पठारावरची वाट, तोच चिखल, तीच जळवांची पिरपिर. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मला कंटाळा आला होता, पाय आपले चालत होते. पाचव्या वर्षी भाचीला नेलं, दहा वर्षांची. ती दर वळणावर विचारायची, 'महाराज इथून गेले? रात्री? एवढ्या पावसात? पालखीतनं?' पांढरेपाण्यापर्यंत मी तिला उत्तरं देत होते आणि माझेच डोळे भरून येत होते. वाट तीच होती. माझ्या शेजारी विचारणारं कुणीतरी होतं.

म्हणून बायकोला विचार. तिला बसवू नकोस, कंट्रोलर हातात देऊ नकोस, 'बघ, किती भारी आहे' असं तर मुळीच म्हणू नकोस. रात्री मुलगी झोपल्यावर अर्धा तास मागं बसशील का, एवढंच विचार. ती लसूण सोलेल, मोबाईल बघेल, काहीही करेल. तू चालवत राहा आणि कोण काय बोललं ते सांगत राहा. सुरुवात त्या तव्यापासून कर. स्वयंपाकघरातला तवा शेजाऱ्यानं नेऊन परत दिला नाही, हे दुःख तिला समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्या तीन रात्री ती कंटाळली तर कंटाळू दे. चौथ्या दिवशी सकाळी तिनं भाजी चिरता चिरता काही विचारलं, तर तुझं काम झालं. नाहीच विचारलं, तर तो जुना मित्र गाठ, ज्याला गेममधलं ओ की ठो कळत नाही. रंकाळ्यावर फिरायला जाल तेव्हा त्याला सांग. चार वर्षांच्या लेकीला मात्र पडद्यासमोर बसवू नकोस. हा गेम १८ वर्षांपुढच्यांचा आहे आणि तो शिक्का उगाच मारलेला नाही. तिला तव्याची गोष्ट झोपताना तोंडानं सांग. दुसऱ्या रात्री ती तीच परत मागेल, बघ.

आता ते खोटं. तू आज्जीला म्हणालास, पोरगी गावली, घरी आली. आणि तुझ्या गेममध्ये ती आली नव्हती. गेराल्ट एकटा दलदलीत जातो, शेवटच्या चेटकिणीकडून तिनं सिरीचं हिसकावलेलं पदक परत घेतो, आणि संपतं. तो शेवट बघून तू खाली आलास, आज्जीनं विचारलं, आणि तू क्षणात ठरवलंस. चांगलं केलंस. मीही हेच केलं असतं. पण ते तुझ्या मनातून गेलेलं नाही, नाहीतर गेमबद्दलच्या पत्रात ते आलंच नसतं.

सिरी परत येते की नाही, ते तलवारीवर ठरत नाही, हे तुला आतापर्यंत कळलं असेल. बिल्ड कुठलाही असो, लेव्हल कुठलीही असो. ठरतं ते पाच-सहा छोट्या प्रसंगांत, गेराल्ट तिच्याशी कसा वागतो त्यावर. जादूगारणींच्या 'लॉज' नावाच्या मंडळासमोर तिला एकटीला जाऊ देतो का. रागानं ती तिच्या गुरूची, अव्हालाखची, प्रयोगशाळा फोडायला लागते तेव्हा अडवतो की फोडू देतो. तिला मदत करून जिवानिशी गेलेल्या पोराच्या कबरीपाशी तिच्यासोबत जातो का. तिला सम्राटाकडं, म्हणजे तिच्या सख्ख्या बापाकडं, आधी नेतो का, आणि नेलं तर त्याचे पैसे घेतो का. आणि सगळ्यांत आधी केअर मॉरहेन या विचरांच्या गडावर, गेराल्टच्या गुरूला, वेसेमिरला अग्नी दिल्यानंतर ती सुन्न बसलेली असते तेव्हा. एक पर्याय आहे तिला समजूत घालून दारू पाजायचा. दुसरा पर्याय आहे तिला बाहेर नेऊन तिच्यावर बर्फाचा गोळा फेकायचा. पहिल्या वेळी तू काय निवडलंस ते मला माहीत नाही, पण तू तेव्हा २१ वर्षांचा होतास, समजूतदार पर्याय निवडला असशील. आता तुला लेक आहे. रडणाऱ्या मुलीशी काय करायचं ते तुला आता गेमनं शिकवायची गरज नाही.

यांतले बहुतेक प्रसंग नीट गेले आणि तिला तू सम्राटाकडं नेलं नाहीस, तर जो शेवट लागतो त्यात गेराल्ट सम्राटाला सांगतो की तुझी मुलगी मेली. चक्क खोटं बोलतो, तिला मोकळं जगता यावं म्हणून. आणि मग गावच्या खानावळीत जातो. आत सिरी त्याची वाट बघत बसलेली असते. तो तिच्यासाठी आणलेली चांदीची तलवार तिच्या हातात देतो.

ते गाव व्हाइट ऑर्चर्ड आहे. चार वेळा तू जिथून उठून गेलास तेच.

आजच रात्री सुरू कर, मॉड काढून, फिल्टर लावून. पहिल्या रात्री फक्त तव्याचं काम, बाकी काही नको. घाई नाही, हे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चाललं तरी चालेल. आणि शेवट लागला की मला एक ओळ लिही: ती पोरगी गावली का?